कुटुंबात कोण मोडतं?

आमच्या वाकडच्या सोसायटीत संध्याकाळी बाकांवर ज्येष्ठ मंडळी बसतात. कुणी नवीन बिऱ्हाड आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमचे कुठे?" 'तुमचे' म्हणजे मुलं, हे सांगावं लागत नाही. उत्तरं डलास, टोरांटो, मेलबर्न, रीडिंग, म्युनिक अशी येतात. शेजारच्या हिंजवडीत नोकरीला लागलेली पोरं तिथून पुढे कुठे कुठे गेली, त्याचा नकाशा या बाकांवर तोंडपाठ आहे. दुसरा प्रश्नही ठरलेला, "मग तुम्ही कधी जाणार?" त्याचं उत्तर मात्र कुणी एका वाक्यात देत नाही. कुणी सहा महिने जाऊन येतं, कुणाची फाईल लागलेली असते, कुणाचा नंबर यायचा असतो.

अब्बा गेले आणि आमच्या घरीही हा दुसरा प्रश्न आला. धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात होता, तिथून नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्लू कार्डवर जर्मनीला गेला. अम्मीचं वय एकाहत्तर. मी इथेच असतो, तिच्या शेजारच्या इमारतीत, त्यामुळे ती अगदी एकटी आहे असं नाही. पण धाकट्याला वाटतं, अम्मीनं आता त्याच्याकडे राहावं. अम्मीलाही नातवाचं बोलणं फोनवर ऐकून समाधान होत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो आणि घरात कागदपत्रांचं काम आलं की ते माझ्याकडेच येतं. म्हणून फॉर्म उघडले. वेगवेगळ्या देशांच्या नियमांत 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या वाचत गेलो, तर जवळपास सगळीकडे दोनच नाती: पती किंवा पत्नी, आणि अज्ञान मुलं. आई-वडील दिसले ते 'इतर नातेवाईक' या सदरात.

आधी मला वाटलं, आई-वडिलांना कधीतरी या व्याख्येतून काढून टाकलं असणार. ते कधी, हे शोधायला बसलो. बहुतेक जुन्या कायद्यांत ते आत नव्हतेच. त्यांना आत घ्या असं फारसं कुणी मागितलंही नव्हतं.

अब्बांची गोष्ट आधी सांगतो. १९७४ मध्ये ते खेड तालुक्यातल्या गावाहून पिंपरीला आले, टूलरूममध्ये लागले. पाचेक वर्षांनी दादाजान वारले, तेव्हा दादीला घेऊन आले. एसटीनं कुंभार्ली घाट चढून आली ती. चिंचवडच्या दोन खोल्यांत तिची खाट पडली आणि अब्बांनी एकच सरकारी काम केलं: गावच्या रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केल्याचा दाखला आणला आणि इथल्या कार्डावर चढवलं. झालं. रेशनकार्डाच्या त्या रकान्यात 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असं लिहिलेलं असे आणि तिथे 'आई' लिहायला कुणाची हरकत नव्हती. आई असण्यासाठी आजारी असावं लागत नव्हतं, की अब्बांचा पगार अमुक इतका असावा लागत नव्हता.

पण आमच्याच गावात समुद्र ओलांडून जाणाऱ्यांची रीत त्याआधी शंभर वर्षांपासून होती. मुंबईच्या गोदीपर्यंत जायचं, जहाजावर खलाशी व्हायचं, नाहीतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकान टाकायचं, हे खेड, दापोली, चिपळूणकडच्या मुसलमान घरांना नवीन नव्हतं. केपटाउनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वाढत गेली. आमच्या गावात अजून एका घराला 'केपवाल्याचं घर' म्हणतात, त्या घरातलं कुणी केपला असल्याचं आता कुणालाच आठवत नसलं तरी.

हा सगळा प्रवास ब्रिटिश साम्राज्याच्या आतला. एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत जाताना व्हिसा नावाचा कागद लागत नसे. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि कल्याणला राहिलेले सूफी साहेब १८९५ मध्ये दरबानला उतरले, तेव्हा दार तसं उघडंच होतं. ते मिटायला सुरुवात झाली त्यानंतर दोनच वर्षांत, आणि तीही एका कुटुंबाच्या आगमनाच्या आसपास. नोव्हेंबर १८९६ च्या अखेरीला 'कुरलँड' नावाचं जहाज मुंबईहून निघालं. ते दादा अब्दुल्ला या मुसलमान व्यापाऱ्याच्या पेढीचं. त्यावर मोहनदास गांधी होते आणि या खेपेला बायको-मुलांना बरोबर घेऊन चालले होते. १८ डिसेंबरला जहाज दरबानला पोचलं. मुंबईत प्लेग असल्याचं कारण देऊन उतारूंना तीनेक आठवड्यांहून जास्त काळ बंदराबाहेर रोखून धरलं आणि १३ जानेवारी १८९७ ला गांधी उतरले तेव्हा गोऱ्यांच्या जमावानं त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी नाताळ वसाहतीनं कायदा केला: युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येत नसेल तर प्रवेश नाही. ज्याला प्रवेशाचा हक्क आहे त्याची पत्नी आणि अज्ञान मुलं यांना मात्र सूट. व्याख्या तिथे तयार दिसते.

केप वसाहतीनं १९०६ च्या कायद्यानं आणखी एक युक्ती काढली. आधीपासून राहत असलेल्या हिंदी माणसाला गावी जाऊन परत यायचं असेल, तर जाण्याआधी परवाना घ्यायचा. त्यावर फोटो आणि ठरलेली मुदत. मुदत संपायच्या आत परतला नाही तर परतण्याचा हक्क संपला. गांधीजींची पणती आणि इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या परवान्यांवर आणि केपटाउनमधल्या हिंदी कुटुंबांवर काम केलं आहे. नवरा केपमध्ये, बायको कोकणातल्या किंवा गुजरातमधल्या गावात, अशी विभागलेली घरं दशकानुदशकं चालली, ते त्यांच्या लेखनात दिसतं. आमच्याकडे गणित सोपं असायचं. माणूस काही वर्षं तिकडे कमवायचा, वर्षभर गावी यायचा, मूल व्हायचं, परत जायचा. मुलगा चौदा-पंधराचा झाला की बापाच्या दुकानात बसायला त्याला न्यायचं. बायको गावी राही. आणि म्हातारे सासू-सासरे? ते तिच्याकडे. माझ्या समजुतीप्रमाणे बायकांना बरोबर न नेण्याचं हेही एक मोठं कारण असणार. जमीन आणि म्हातारी माणसं सांभाळायला कुणीतरी मागे लागतंच, आणि ते काम सून करी. तिला कुणी विचारलं नसेल, ही गोष्ट वेगळी.

आता बाई मरियमची गोष्ट. मुसलमान वाचकांनी ती वाचायलाच हवी, कारण पाठ्यपुस्तकात ती सत्याग्रहाच्या एका ओळीत संपते आणि नाव तर येतच नाही. पोर्ट एलिझाबेथमध्ये राहणाऱ्या हसन इसप यानं हिंदुस्थानात येऊन बाई मरियमशी निकाह केला होता. तिला घेऊन तो परतला तेव्हा तिला उतरू दिलं नाही. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या पद्धतीत पुरुषाला एकाहून जास्त बायका करता येतात त्या पद्धतीनं झालेलं लग्न या देशाचा कायदा लग्न मानत नाही. हसननं दुसरी बायको केली होती का, हा प्रश्नच नव्हता. करू शकला असता, एवढं पुरे होतं. एका निकालानं मुसलमानांच्याच नव्हे, हिंदू आणि पारशांच्याही बायका कायद्याच्या नजरेत बायका राहिल्या नाहीत. कस्तुरबा आणि इतर स्त्रिया त्या वर्षी सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या, त्यामागे हे होतं. पुढे १९१४ च्या 'इंडियन रिलीफ ॲक्ट'नं तोडगा निघाला. एक पत्नी आणि तिची अज्ञान मुलं यांना मान्यता मिळाली.

हा विजय खराच होता. पण त्या विजयाचं माप बघा. भांडण बायकोपाशी सुरू झालं आणि बायकोपाशीच मिटलं.

कॅनडात हेच घडत होतं. १९०८ च्या नियमाप्रमाणे आपल्या देशातून थेट, मध्ये न थांबता प्रवास केला असेल तरच प्रवेश, आणि हिंदुस्थानातून असं जहाजच जात नव्हतं. व्हँकूव्हरच्या भाग सिंग आणि बलवंत सिंग यांनी बायका-मुलं आणली, तेव्हा त्यांना परत पाठवायचा हुकूम झाला. शेवटी १९१२ मध्ये 'मेहेरबानी म्हणून' ठेवून घेतलं, हक्क म्हणून नव्हे. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' आलं. त्यावर ३७६ उतारू होते. त्यांत शीख सर्वाधिक होते, पण २४ मुसलमानही होते. बहुतेकांना उतरू न देता जहाज परत पाठवलं. मग पहिलं महायुद्ध झालं, हिंदी सैनिक लाखांनी लढले आणि त्याची परतफेड म्हणून १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेत ठराव झाला: साम्राज्यात कुठेही कायम राहणाऱ्या हिंदी माणसाला आपली पत्नी आणि अज्ञान मुलं आणता यावीत. पत्नी एकच, आणि ती कायदेशीर पत्नी असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारनं द्यायचा. कॅनडानं त्याप्रमाणे १९१९ मध्ये दार उघडलं.

म्हणजे आज ज्या दोन नात्यांना 'कुटुंब' म्हणतात ती जोडी आपल्या बाबतीत अशी वाटाघाटीतून आलेली आहे. समोरचे जितकं कमी देता येईल तितकं देत होते आणि आपले पुढारी जे अगदी अडलेलं आहे ते मागत होते. आई-वडिलांचं अडलेलं नव्हतं. गावात घर होतं, भावकी होती, मागे राहिलेली सून होती, मशिदीशेजारी कब्रस्तान होतं. जाणारा माणूसही परत येण्याच्या बोलीनं जायचा. केपवाल्यानं अब्बा-अम्मीला बोटीत बसवून केपला नेण्याचा विचार मनात आणला असता तर गावानंच त्याला वेड्यात काढलं असतं.

दक्षिण आफ्रिकेत तो तोडगाही टिकला नाही. १९२७ च्या कायद्यानं, आई बरोबर येत असेल तरच अज्ञान मुलाला प्रवेश, अशी अट आली. मुलाला एकट्यानं नेऊन दुकानात बसवायची रीत तिथे थांबली. १९५३ मध्ये लग्न करून बायको आणण्याचा हक्कच काढून घेतला. कोकणातली गावं आणि केप यांची ये-जा आटली ती त्यानंतर.

ब्रिटनचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली कहाणी शेवटाला जास्त बोलते. १९६२ च्या कायद्यात पुन्हा तेच: बायको आणि सोळा वर्षांखालची मुलं हक्कानं, आई-वडील नियमांच्या आधारे. मुलावर अवलंबून असलेल्या, मायदेशी दुसरं जवळचं कुणी नसलेल्या वृद्धांना येता यायचं. अधिकाऱ्याला पटवावं लागे, पण जमायचं. ९ जुलै २०१२ पासून तेही बदललं. आता आईला किंवा वडिलांना आणायचं तर त्यांना वय, आजार किंवा अपंगत्वामुळे अंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याची कायमची मदत लागली पाहिजे. शिवाय ती मदत मुलाच्या पैशानंसुद्धा मायदेशी मिळू शकत नाही, हे सिद्ध केलं पाहिजे. आता वाकडमध्ये हे कसं सिद्ध करायचं? ब्युरोला फोन केला की दुसऱ्या दिवशी बारा तासांची बाई येते. मुलाकडे पैसे असतील तर त्यानं इथेच बाई ठेवावी. पैसे नसतील तर तो आईला तिथे पोसणार कसा? दोन्हीकडून 'नाही'. डॉक्टरांसह अनेकांनी याविरुद्ध आवाज उठवला, २०१७ मध्ये अपील न्यायालयानं नियम कायम ठेवला. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा रीडिंगजवळ आहे. काकू रोज सकाळी अडीच किलोमीटर चालतात, स्वतःची भाजी स्वतः आणतात. त्या मला म्हणाल्या, "म्हणजे मी आधी अंथरुणाला खिळायचं, आणि मग विमानात बसायचं?"

अमेरिकेनं मात्र आई-वडिलांना एकदा खरंच वरच्या रांगेत बसवलं. ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात एकवीस वर्षांवरील नागरिकाचे आई-वडील पती-पत्नी आणि मुलांच्या बरोबरीला आले. त्यांना वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. भावा-बहिणींनाही कोट्याच्या आत जागा मिळाली. नात्यांवर एवढा भर का दिला, याचं कारण मजेशीर आहे. मायकेल फिगन यांच्यासारख्या खासदारांचा हिशेब असा होता की, नातेवाईकांना प्राधान्य दिलं तर येणारे लोक आधीच्या लोकांसारखेच असतील, म्हणजे युरोपीय. आशियाई माणसं देशात फारशी नाहीतच, तर त्यांचे नातेवाईक कुठून येणार! हिंदी माणसाला तिथे नागरिकत्व मिळायला लागून जेमतेम एकोणीस वर्षं झाली होती. जे दार आपल्यासाठी नाही असं समजून उघडं ठेवलं गेलं, त्यातूनच पुढच्या पन्नास वर्षांत पुण्या-मुंबईचे कितीतरी आई-वडील आत गेले.

पण त्यात एक शब्द आहे: नागरिक. ग्रीनकार्डवाल्याला आई-वडिलांना बोलावता येत नाही. भारतात जन्मलेल्या इंजिनिअरला नोकरीच्या आधारावर ग्रीनकार्ड मिळायला आता दहा वर्षांहून जास्त वाट बघावी लागते, कारण एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त जागा देता येत नाहीत. त्यानंतर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. मुलगा पंचविशीत गेला असेल तर तो नागरिक होईपर्यंत आई सत्तरी ओलांडते. पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा घ्यायला तिला आणखी पाच वर्षं तिथे राहावं लागतं. मधल्या काळात उरतो तो पर्यटकाचा व्हिसा. दहा वर्षांचा शिक्का, एका वेळी साधारण सहा महिने. वाकडच्या बाकांवरची निम्मी मंडळी याच शिक्क्यावर थंडी टाळून ये-जा करतात. त्यांना अमेरिका फक्त उन्हाळ्यातली माहीत आहे.

आणि मुसलमान म्हणून एक तारीख विसरता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांवर प्रवेशबंदी आली. भारत त्यात नव्हता, तरी आमच्या घरांत ती बातमी आवाज मोठा करून ऐकली गेली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, अमेरिकेत ज्याचं खरं, जवळचं नातं आहे त्याला अडवू नका. मग जवळचं म्हणजे कोण? सरकारनं यादी काढली: आई-वडील, सासू-सासरे, पती-पत्नी, मुलं, भाऊ-बहीण. आजी-आजोबा नाहीत. हवाईमधल्या एका इमामाची सासू सीरियात होती, तिच्यासाठीही हा खटला चालला होता. जुलैमध्ये तिथल्याच न्यायमूर्ती वॉटसन यांनी सांगितलं की आजी-आजोबा हे जवळचे नातेवाईक नाहीत असं म्हणणं साध्या समजुतीला धरून नाही. एकविसाव्या शतकात 'दादी ही जवळची' एवढं ठरवायला न्यायाधीश लागला. बाई मरियमचा खटला मला तेव्हा पहिल्यांदा आठवला होता.

आखाताबद्दल कोकणातल्या वाचकांना मी काय सांगणार? सत्तरच्या दशकापासून आपली माणसं तिथे आहेत आणि तिथे कायमचं राहणं हा प्रकार बहुतेकांसाठी नाहीच. नोकरी आहे तोवर इकामा. बायको-मुलांना आणायला पगाराची अट, आई-वडिलांना आणायची सोय असली तर पगाराची अट त्याहून चढी. सौदीनं जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रित माणसामागे महिन्याला १०० रियाल कर लावला आणि तो दरवर्षी शंभरानं वाढवत ४०० वर नेला. किती बायका-मुलं त्या वर्षांत सामान बांधून गावी परतली, ते रत्नागिरी-रायगडच्या शाळांना विचारा. तरी आखाताचं एक आहे. ते खोटी आशा लावत नाही. केपवाल्यासारखंच, परत यायच्या बोलीनं जायचं.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया आशा लावतात, आणि रांगही. कॅनडात अर्ज इतके साचले की नोव्हेंबर २०११ मध्ये आई-वडिलांची योजना काही काळ बंदच केली आणि डिसेंबरमध्ये 'सुपर व्हिसा' आणला. तो दहा वर्षांचा असतो. एका खेपेला आधी दोन वर्षं राहता यायचं, २०२२ पासून पाच. अट अशी की किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि मुलाचं ठरावीक उत्पन्न हवं. माझ्या मते आज फिरत्या पालकांसाठी यापेक्षा बरी सोय मोठ्या देशांत नाही. पण ती पाहुणचाराची सोय आहे, घराची नाही. कायमच्या वास्तव्यासाठी सोडत असते. २०२० मध्ये ज्यांनी नावं दिली त्यांच्यातूनच पुढची कित्येक वर्षं चिठ्ठ्या निघत राहिल्या. आणि चिठ्ठी निघाली तरी क्वेबेक सोडून सगळीकडे मुलाला वीस वर्षांची आर्थिक हमी लिहून द्यावी लागते.

ऑस्ट्रेलियात तर मुलं मोजतात. निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं तिथे स्थायिक असतील, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त असतील, तरच आई-वडिलांचा कायमचा अर्ज चालतो. साध्या रांगेत तीस वर्षांच्या आसपास थांबावं लागतं. सत्तरीच्या माणसाला तीस वर्षांची रांग सांगणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा कसा असेल, असा विचार मी करतो. ज्यांना लवकर जायचं त्यांच्यासाठी २००३ पासून पैसे भरायची वेगळी रांग आहे. माणशी अठ्ठेचाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, आणि तिथेही आता बरीच वर्षं लागतात.

या मोजणीत एक गोष्ट नेहमी निसटते. आपल्या देशानं २००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. मुलांनी आई-वडिलांना सांभाळलंच पाहिजे असं तो सांगतो, आणि परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे असं पहिल्याच कलमात म्हणतो. म्हणजे मुलगा पासपोर्ट दाखवून विमानात बसतो तेव्हा एक कायदा त्याच्याबरोबर जातो की आई तुझी जबाबदारी आहे. तो उतरतो तिथे दुसरा कायदा उभा असतो की आई तुझ्या कुटुंबात मोडत नाही. दोन्हींच्या मधे बँकेतून पाठवलेले पैसे आणि रविवारचा व्हिडिओ कॉल.

आता जर्मनी. तिथेही परंपरा तीच, पती-पत्नी आणि अज्ञान मुलं. इतरांना 'असाधारण हालअपेष्टा' सिद्ध केल्या तरच, आणि मुलगा उद्या जर्मन नागरिक झाला तरी त्यात फरक पडत नाही. पण कामाला माणसं मिळेनात, तेव्हा त्यांनी नियम बदलला. कुशल कामगारांना त्यांच्या आई-वडिलांना आणता येईल, पती-पत्नी दोघं तिथे कायम राहत असतील तर सासू-सासऱ्यांनाही. राहण्याचा खर्च आणि आरोग्य विमा स्वतःचा. साठी-पासष्टीनंतर तो विमा मिळवणं हीच मोठी अडचण आहे, तरी दार उघडलं हे खरं. भावानं मला ही बातमी पाठवली तेव्हा सोबत नुसते टाळ्यांचे इमोजी होते. मी मजकूर दोनदा वाचला आणि मग त्याला फोन केला. ज्यांना ब्लू कार्ड किंवा तसा परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांच्यासाठीच हा नियम आहे. त्याला तो मिळाला २०२२ मध्ये. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी २०२४ च्या पावसाळ्यात गेली, तिचे आई-वडील पात्र. आमची अम्मी नाही. सोळा महिन्यांचा फरक. १९०६ च्या परवान्यावरच्या तारखेत आणि या तारखेत मला फारसा फरक दिसला नाही, पण हे मी भावाला बोललो नाही. तो बराच वेळ गप्प होता.

तर आम्ही साध्या भेटीच्या व्हिसाचा अर्ज करतो आहोत. एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस, तीस हजार युरोचा प्रवास विमा. कागदपत्रांत भावाच्या जन्मदाखल्यानं अडवलं. हे सगळ्यांनी आधीच तपासून ठेवावं. आईच्या व्हिसासाठी खरा कागद लागतो तो मुलाचा जन्मदाखला, कारण नातं त्यावरूनच सिद्ध होतं. त्यात अम्मीचं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. अब्बांच्या नावातलं 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आखडलेलं, तिसऱ्यावर गायब. दुरुस्तीला महापालिकेत तीन खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्र झालं. निकाहनाम्याचं प्रमाणित भाषांतर केलं. ते करताना बाई मरियमजवळ कुठला कागद असेल, असं मनात आलं.

अम्मीला मी सगळं समजावून सांगितलं. इतिहास सोडून. ती नव्वद दिवसांवर अडली. तिला रमजान तिकडे करायचा आहे, आणि बकरी ईदही. मी कॅलेंडरवर मोजून दाखवलं की रमजानच्या पहिल्या चंद्रापासून बकरी ईदपर्यंत शंभराला एखाद-दोन दिवस कमी होतात, बसत नाही. तिनं कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं, चष्मा वर केला आणि तसबीहचे मणी सरकवत पुन्हा मोजलं. "पहिले वीस रोजे मी इथेच करते," ती म्हणाली. "तरावीहला इथल्या बायकांची सोबत आहे. शेवटच्या अशऱ्याला जाते. दहा दिवस ते, मग शव्वाल, मग जिल्काद, मग बकरी ईद आणि कुर्बानीचे दिवस." मणी थांबले. "ब्याऐंशी होतात. आठ उरतात. ते येण्या-जाण्याला धर. तिकीट बघ आता."